सोळा दिवस एकाच गाडीत

माझे वडील सांगलीत राहतात. चौतीस वर्षं त्यांनी एकाच शाळेत गणित शिकवलं. मला नोकरीला लागून बावीस वर्षं झाली, तरी सणावाराला घरी गेले की जेवताना ते एकदा तरी विचारतात, "तुमच्याकडं कायम कधी करतात गं?" सुरुवातीला मी हसायचे. मग एकदा समजावून सांगितलं, की आमच्याकडे पगार भरपूर असतो, हुद्दा मोठा असतो, पण कायम असं कुणी नसतं. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे एवढी साहेब होऊनसुद्धा तू टेंपररीच?" आईनं त्यांच्या पानात आमटी वाढली आणि विषय बदलला.

मी एका परदेशी सॉफ्टवेअर कंपनीत विभागप्रमुख आहे. युरोपातल्या विमा कंपन्यांचं काम आम्ही पुण्यात बसून करतो. करोनात सगळे घरून काम करू लागले तेव्हा मी पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडला आणि साताऱ्याला नवऱ्याच्या घरी राहायला आले. तो इथल्याच कॉलेजात शिकवतो. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही सलग एका घरात राहिलो. मुलगी शाळेतून आली की मला दार उघडता यायचं, एवढ्याचंसुद्धा मला अप्रूप होतं. मग कंपनीनं कळवलं, की मंगळवार, बुधवार, गुरुवार ऑफिसात यायलाच हवं. जे येणार नाहीत त्यांची नोंद होईल. कशाची नोंद आणि पुढे तिचं काय होणार, हे त्या पत्रात नव्हतं. न सांगितल्यामुळेच सगळे गेले.

साताऱ्यातून पुण्याला जाणारे आमच्या कंपनीत आम्ही तिघे निघालो. गाडी त्यातल्या एकाची असायची. तो माझ्याच विभागात होता, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, आमच्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात गुंतागुंतीच्या प्रणालीचा जाणकार. आटपाडीकडचा. घर मेंढपाळाचं. वडील अजून कळप राखत होते आणि हा घरातला पहिला इंजिनिअर. ऑफिसात तो मला मॅडम म्हणायचा, शुद्ध बोलायचा. गाडीचं दार लागलं की ताई म्हणायचा आणि बोली बदलायची. पहाटे सहाला मला वाढे फाट्यावर घ्यायचा. मागच्या सीटवर आमच्यातला तिसरा, हिशेबतपासणी विभागातला एक शांत गृहस्थ, भुईंजच्या पुलापर्यंत झोपलेला असायचा.

एका मंगळवारी तो तिसरा आलाच नाही. आम्ही फाट्यावर दहा मिनिटं थांबलो. फोन उचलला नाही. ऑफिसात गेल्यावर कळलं, की आदल्या दिवशी त्याला काढलं होतं. दुपारी आमच्या तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तो बाहेर पडला. आम्ही दोघांनी त्याला एकेक निरोप पाठवला, "काही लागलं तर सांगा," आणि त्यानं दोघांनाही हात जोडल्याची एकच खूण पाठवली. त्यानंतर आम्ही मागच्या सीटवर आमच्या बॅगा ठेवू लागलो. त्याच्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. बोललो असतो तर पुढची गोष्ट स्वतःबद्दल बोलावी लागली असती.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी एका गुरुवारी मला माझ्या वरिष्ठांचा फोन आला. ते बेंगळुरूला बसत. काचेच्या छोट्या खोलीत जाऊन दार लावून घे, म्हणाले. मी घेतलं. ते म्हणाले, "तुझ्या हाताखाली अकरा सीनियर आहेत. तीन नावं हवीत. सोमवारपर्यंत."

मी विचारलं, "कशाच्या आधारावर?"

"नवीन एआय साधनं आली आहेत. एवढे सीनियर लागणार नाहीत, असं वरचं मत आहे. कोण लागतं आणि कोण नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि हे कुणाला म्हणजे कुणालाही बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही. एक कागद येईल, त्यावर सही करून पाठव."

कागद आला. मी सही केली. संध्याकाळी गाडीत तो मला त्याच्या मुलीच्या पोहण्याच्या क्लासबद्दल सांगत होता आणि मी मनातल्या मनात अकरा चेहरे ओळीनं उभे करत होते. त्यातला एक माझ्या उजव्या हाताला बसून गाडी चालवत होता.

पहिल्या दोन नावांबद्दल मी इथं लिहिणार नाही. ती माणसं कधी हे वाचतील असं वाटत नाही, पण वाचली तर त्यांना इथं स्वतःला शोधावं लागू नये. तिसरं नाव मी एका अशा माणसाचं दिलं जो स्वतःच नोकरी सोडायच्या विचारात होता. मला वाटलं, निभावलं. सोमवारी घरून यादी पाठवली आणि नवऱ्यानं केलेला चहा दोन कप प्यायले.

मंगळवारी दुपारी चार वाजता वरिष्ठांचा पुन्हा फोन.

"सगळ्यात महाग माणूस यादीत नाही," ते म्हणाले. "वर मला हेच विचारतील."

"तो गेला तर जुनं काम अडेल," मी म्हटलं.

"मग गेले चार महिने तो लिहून देतोय ते कशासाठी?"

हे खरं होतं. चार महिने तो डोक्यातलं सगळं कागदावर उतरवत होता. कुठला जुना नियम का केला, कुठं हात लावला की काय मोडतं, सगळं. नव्या साधनाला शिकवायला ते हवं होतं. ते काम त्याला मीच दिलं होतं. त्यानं ते फार मन लावून केलं होतं, कारण इतक्या वर्षांत त्याला कुणी हे असं विचारलंच नव्हतं.

वरिष्ठ आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, एक यादी माझ्या वरच्यांनीही केली आहे. त्यात तुझं नाव होतं. मी काढायला लावलं. मला अवघड करू नकोस."

त्यांनी ओरडून सांगितलं असतं तर मी कदाचित ओरडले असते. ते मित्रासारखं बोलले. मी तिसरं नाव खोडलं आणि त्याचं नाव लिहिलं. घड्याळात साडेचार झाले होते. पाच वाजता तो खाली पार्किंगमध्ये गाडी सुरू करून माझी वाट बघत होता. "आवं ताई, चेहरा का असा उतरलाय? डोकं दुखतंय का?" त्यानं विचारलं आणि एसीचा झोत माझ्यावरून बाजूला फिरवला.

ज्यांना काढायचं त्यांना सांगायचा दिवस सोळा दिवसांनी ठरला होता.

पुढचे सोळा दिवस मी कसे काढले हे नीट सांगता येत नाही. ऑफिसचे दिवस त्यातले आठ. प्रत्येक दिवशी जाऊन-येऊन सहा तास आम्ही दोघं त्या गाडीत. दुसऱ्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, की मी बसनं जाते, पाठ दुखते, बसमध्ये पाय लांब करता येतात. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फाट्यावर आला तेव्हा माझ्या सीटवर पाठीला लावायची उशी होती. बायकोनं शिवून दिली म्हणाला. आता गाडी टाळली असती तर त्याला शंका आली असती आणि शंका आली असती तर मी सही केलेला कागद होता. मी त्या उशीला टेकून बसले.

घरी नवऱ्याला काही बोलले नाही. त्याला वाटलं माझीच नोकरी जाते आहे. एकदा भाजी निवडताना म्हणाला, "गेली तर गेली. माझा पगार आहे ना." त्याचा पगार माझ्या पगाराच्या जवळपास फिरकत नव्हता. पण त्या क्षणी मला वाईट त्याचं वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की तो मला बिचारी समजत होता आणि मी ते समजू दिलं.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी येताना खंबाटकी घाटात अडकलो. खंडाळा मागं टाकून घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या वळणाच्या आत सगळं थांबलं. वर कुठंतरी कांद्याचा ट्रक उलटला होता. पुढं गाड्या, मागं गाड्या, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा. त्यानं इंजिन बंद केलं आणि काचा खाली केल्या. ऊन उतरलं होतं.

"ह्या घाटानं माझा बा मेंढरं घिऊन जायचा," तो म्हणाला. "पावसाळा सरला की आमच्याकडं चारा सरतो. मग ह्या वाटेनं पुण्याकडं, तिकडनं आणि म्होरं. मी चार वर्षांचा असताना घोड्यावर बसून हा घाट चढलोय. घोड्यावर सामान, सामानावर मी, माझ्या मांडीत कोंबडी."

मी हसले. खरंच हसले.

"आता सोडायला तयार झालाय म्हातारा," तो पुढं म्हणाला. "बारा वरसं मागं लागलोय, की मेंढरं मोडा आणि साताऱ्याला या. आईच्या गुडघ्यात काय राहिलं न्हाई. आता व्हय म्हणलाय. रविवारी व्यापारी येणार हाय. सगळा कळप एकदम देऊन टाकायचा."

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "एवढी घाई कशाला? त्यांचं मन तयार आहे का? थोडे दिवस थांबा की."

"आवं, मन कवाच तयार व्हत न्हाई. पुढच्या महिन्यात इचारलं तर पुन्हा न्हाई म्हणंल. मला ठाव हाय तो."

"तरी पण. एखादा महिना."

तेव्हा तो वळून माझ्याकडं बघायला लागला. गाडी उभीच होती, त्याला रस्त्याकडं बघायची गरज नव्हती.

"ताई, एक इचारू? वर कायतरी चाललंय म्हणत्यात. कॅन्टीनमध्ये सगळे बोलायलेत. तुमच्या कानावर काय आलंय का?"

मी म्हटलं, "नाही."

"आलं असलं तरी सांगू नगा, तुम्हाला अडचण व्हायची. फक्त माझं म्हणून कायतरी असलं तर एवढं म्हणा, की मेंढरं ठेव."

इतक्या सरळ त्यानं मला वाट करून दिली होती. नाव घ्यायचं नव्हतं, यादी म्हणायचं नव्हतं, सही केलेला कागदही मोडला नसता. दोन शब्द बोलायचे होते. मागून कुणीतरी उगाच हॉर्न वाजवत होतं. मी त्या दोन शब्दांपर्यंत आले आणि मला वरिष्ठांचा तो खालचा आवाज ऐकू आला. हा उद्या चिडून कुणाला बोलला तर? कुठून कळलं असं त्याला विचारलं तर?

"तुमचं काम एवढं चांगलं आहे," मी म्हटलं. "तुम्ही कशाला काळजी करता?"

त्याचा चेहरा सैल झाला. "मग बरं झालं," तो म्हणाला. "आमचे दाजी विट्याचे. तिकडं मद्रासकडं त्यांचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं दुकान हाय. दिवसभर ॲसिडच्या वाफंत उभं ऱ्हायचं. मला म्हणत्यात, तुझ्या एसीपेक्षा माझी भट्टी बरी, मला कोण काढत न्हाई. आता दिवाळीला आले की सांगतो त्यांना."

दीड तासानं गाड्या हलल्या. वर पोचलो तेव्हा रस्ताभर कांदे चेंगरलेले होते आणि त्यांचा वास साताऱ्यापर्यंत आमच्याबरोबर आला.

रविवारी मेंढरं गेली. मंगळवारी सकाळी त्यानं गाडीत सांगितलं. टेम्पोत चढवताना वडील तिकडं पाठ करून बसले होते, एकदाही वळून बघितलं नाही. मग संध्याकाळी रिकाम्या वाघरीजवळ, म्हणजे मेंढरांभोवती लावायच्या जाळीजवळ, जाऊन तिची नीट घडी घातली. "दोन दिवस जेवले न्हाईत," तो म्हणाला. "हुईल सवय. साताऱ्याला आणलं की नातीत रमतील." मी "हो" म्हटलं.

गुरुवार आला. नेहमीसारखं सहाला निघालो. शिरवळला चहा घेतला. त्याला भूक होती, त्यानं वडापाव खाल्ला, मलाही आग्रह केला. ऑफिसात पोचून अर्धा तास झाला असेल, तो माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, साडेअकराला एचआरबरोबर मीटिंग दिसतेय. विषय लिहिलेला नाही."

"मीही आहे त्यात," मी म्हटलं.

एवढंच. पण त्याच्या हातात पाण्याची बाटली होती, तिचं झाकण तो लावत होता, ते लावायचं राहिलं. त्यानं मान हलवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. साडेअकरापर्यंत तो काम करत होता. नंतर मी पाहिलं, त्या दीड तासात त्यानं शेवटची राहिलेली दोन पानं लिहून पूर्ण केली होती.

मीटिंग सात मिनिटं चालली. एचआरची बाई पडद्यावर होती, आम्ही दोघं काचेच्या खोलीत. मला वाचायला दोन ओळी दिल्या होत्या. त्या मी वाचल्या. कंपनीच्या बदललेल्या गरजा, त्याच्या योगदानाबद्दल आभार. बाकी सगळं ती बाई बोलली. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"माझं काम कुठं चुकलं का?"

"हा निर्णय तुमच्याबद्दल नाही, पदाबद्दल आहे," ती म्हणाली.

तो माझ्याकडं बघत राहिला, उत्तर माझ्याकडून यायचं आहे असं. मला बोलायची परवानगी नव्हती. खरं म्हणजे तशी बंदीही कुणी घातली नव्हती. मी बोलले नाही. सुरक्षारक्षक दाराशी उभा होता. लॅपटॉप, ओळखपत्र, कपाटाची किल्ली देऊन तो त्याच्याबरोबर लिफ्टकडं गेला.

मी दिवसभर मीटिंगा केल्या. उरलेल्या आठ जणांना एकत्र बसवून सांगितलं, की आता काळजीचं कारण नाही. आठही जणांच्या डोळ्यांत मला एकच विचार दिसत होता. माझ्याही डोळ्यांत त्यांना तोच दिसत असणार. पाच वाजता खाली आले. स्वारगेटला रिक्षानं जावं आणि मिळेल ती बस पकडावी, असं ठरवलं होतं.

तो पार्किंगमध्ये होता. गाडीला टेकून उभा. साडेअकरापासून पाच वाजेपर्यंत तो तिथंच होता.

"तुम्ही गेला नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही माझ्या गाडीनं आला होता ना," तो म्हणाला. "चला, मॅडम."

गाडीचं दार लागलं तरी तो मॅडमच म्हणाला. कात्रजचा बोगदा मागं पडला. मग त्यानं विचारलं, रस्त्यावरून नजर न काढता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"घाटात अडकलो होतो तेव्हा?"

"हो."

"आधीपासून?"

"सोळा दिवस."

त्यानं मनात मोजलं असावं. मी पुढं बोलायला लागले, की मी आधी नाव दिलं नव्हतं, वरून दबाव आला, माझंसुद्धा नाव कुठल्याशा यादीत होतं. त्यानं डावा हात जरा वर केला. रागानं नाही. पुढं गाड्या थांबल्या आहेत हे मागच्याला दाखवायला ड्रायव्हर हात दाखवतात, तसा.

"बाबांना काय सांगू, तेवढं बघायचंय," तो म्हणाला. "बाकी काय ते नंतर."

रोज तो मला वाढे फाट्यावर सोडायचा. त्या दिवशी गाडी आत घेतली आणि मला घराच्या दारात सोडलं. मी उतरले, ती उशी सीटवरच राहिली. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, आणि नवरा बाहेर येईपर्यंत गाडी वळलीसुद्धा होती.

त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं एकदाही मला अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मग आता काय करणार?" मी लॅपटॉप उघडून राजीनामा लिहिला. चार ओळींचा. तो अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता, मग आठवड्यानं, मग मुलीची बारावी होऊ दे म्हटलं. खरं कारण मुलगी नव्हती. बाहेर माझ्या वयाच्या, माझ्या पगाराच्या बाईला कोण घेतं हे मला माहीत होतं, आणि त्याहून म्हणजे, सकाळी उठून मी कोण, हे सांगायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. बावीस वर्षांत मी तेवढं एकच केलं होतं.

पुढच्या महिन्यात माझे वरिष्ठ गेले. त्यांनाही सात मिनिटंच मिळाली म्हणे. त्यांचं काम आणि त्याचं काम, दोन्हीतला मोठा वाटा माझ्याकडे आला. नवीन वरिष्ठ परदेशात बसतात. त्यांनी पहिल्याच बोलण्यात अगदी नम्रपणे सांगितलं, की सध्याची रचना तीन महिन्यांसाठी आहे, मग बघू. दर तीन महिन्यांनी ते हेच सांगतात. आता मी बसनं जाते.

त्याला मी फोन करत राहिले. पहिले दोन महिने उचलला नाही. मग एकदा निरोप आला, की साताऱ्याचं घर भाड्यानं दिलंय, सगळे गावी आहोत, मिळेल ते छोटं काम इथूनच करतो. मी विचारलं, येऊ का? तासाभरानं उत्तर आलं, "या."

मे महिन्यात सांगलीला आईवडिलांकडे गेले होते, तिथून परत येताना वाट वाकडी करून गेले. एकटीच, नवऱ्याची गाडी घेऊन. विटा सोडलं की माळ सुरू होतो. गाव लहान, घर रस्त्याला लागून. ओसरीवर टेबल, टेबलावर लॅपटॉप, पंख्याच्या वाऱ्याची दिशा त्याच्याकडं. त्यानं दाढी वाढवली होती. मला बघून उभा राहिला, आत आवाज दिला, पाणी आणलं. त्याची बायको आली, नमस्कार करून आत गेली. ती काही बोलली नाही आणि मला ते पटलं.

मी बोलायला सुरुवात करणार एवढ्यात त्याचे वडील आले. उंच, वाळलेले, डोक्याला पटका. माझ्यासमोर खालीच बसले, मी खुर्चीवरून उठायला गेले तर हातानं बसवलं.

"तुमी त्या ताई व्हय?"

"हो."

"पोरानं समदं सांगितलंय. माझ्यापायी ताई सायबासंगं लय भांडल्या म्हणला. सोताची नोकरी पणाला लावली म्हणला. आवं, कोण करतं एवढं? घरचं करत न्हाईत."

मी त्याच्याकडं बघितलं. तो लॅपटॉपची वायर गुंडाळत होता, मान खाली.

"तुमचंबी कायतरी वाईट झालं का न्हाई त्यात?" म्हाताऱ्यानं विचारलं. "नोकरी हाय न्हवं?"

"आहे," मी म्हटलं.

"मग द्येवाची किरपा. पोराला मी म्हणलं, तेवढं इचार. आपल्यापायी दुसऱ्याचं घर बुडाया नगं."

मला सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण म्हातारा इतक्या समाधानानं माझ्याकडं बघत होता, की ते सांगून मी माझंच ओझं हलकं केलं असतं आणि त्याला काय उरलं असतं? कळप गेला, साताऱ्याला जाणं राहून गेलं, आता निदान एक माणूस आपल्या बाजूनं उभं राहिलं होतं एवढं त्याच्यापाशी होतं. मी हात जोडले. त्याच्या आईनं आतून तुपाची बरणी आणून माझ्या मांडीवर ठेवली. तिला उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

गाडीपर्यंत तो सोडायला आला.

"तुम्ही त्यांना असं का सांगितलंत?" मी विचारलं.

तो माळाकडं बघत होता. "बाबा रोज इचारायचे, तिथं एवढी वरसं काम केलं, तर तुझ्यासाठी एकबी माणूस बोललं न्हाई का? रोज. मग काय सांगू?"

मी गाडीचं मागचं दार उघडलं.

"तुम्ही तेवढं खोटं पाडू नगा आता," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या तसंच."

त्यानं बरणी मागच्या सीटवर कलणार नाही अशी ठेवली, तिला माझ्या बॅगेचा टेकू दिला आणि दार लावलं. मी निघाले. माळावर फोनला रेंज नव्हती. मायणीच्या जवळ आले तेव्हा फोन एकदम वाजायला लागला. ऑफिसचे एकामागून एक निरोप येत होते. त्यातला एक परदेशातल्या वरिष्ठांचा होता, कुठं आहेस म्हणून. मी एका बंद दुकानासमोर गाडी उभी केली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि लिहिलं, की रेंज नव्हती, माफ करा, आता उपलब्ध आहे.